गाठ अंडाशयात, कृपा गर्भपिशवीवर

सन्माननीय डॉक्टरसाहेब यांस,



दवाखान्याचा दुसरा मजला चढला, लिफ्ट बसली, दारात नवी गाडी उभी राहिली, हे एसटीतून जाता-येता दिसतं आणि मन भरून येतं. त्या इमारतीत आमच्या गावचा वाटा किती, हे कामाच्या व्यापात आपल्या लक्षात राहिलं नसेल. आम्ही मात्र विसरलेलो नाही. म्हणून आभाराचं हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या, आपल्याच तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. आमचं गाव ऊसतोडीला जाणारं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि परततात ते ऊन तापल्यावर. मला इंग्रजी वाचता येतं म्हणून बायका आपापल्या फायली घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे आपलं हस्ताक्षर मला आता मुलांच्या वह्यांइतकंच पाठ झालं आहे.

पहिले आभार आपल्या लाल पेनाचे.

आमची वहिनी 29 वर्षांची. ओटीपोटात दुखतं, कंबर भरून येते, अंगावरून पांढरं जातं, अशी तक्रार घेऊन ती आपल्याकडे आली. आपण तत्परतेने सोनोग्राफीला पाठवलंत. तो रिपोर्ट आत्ता माझ्यासमोर आहे. डाव्या अंडाशयात 3.4 सेंटिमीटरची साधी गाठ. भिंत पातळ, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत, भरीव भाग नाही. ‘सिस्ट’ या शब्दाभोवती आपण लाल पेनाने गोल काढलात, एकावर एक दोनदा, कागदाच्या मागच्या बाजूला वळ उठेल इतका जोर देऊन. त्याच्या तीन ओळी खाली सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, की सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. त्या ओळीपर्यंत आपलं पेन पोहोचलं नाही. शाई संपली असावी.

आपण शिकलेले, पदवीधर. आपल्याला मी काय सांगावं? पण हे पत्र फडावरच्या बायाही कुणाकडून तरी वाचून घेतील, तेव्हा आपल्या परवानगीने थोडं त्यांच्यासाठी लिहिते. पाळी येणाऱ्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याने भरलेली एक बारीक पिशवी वाढते. साधारण दोन सेंटिमीटरची झाली की ती फुटते आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटतच नाही, नुसती भरत राहते. कधी बीज बाहेर पडल्यावर जो भाग मागे उरतो त्यात पाणी किंवा थोडं रक्त साठतं. सोनोग्राफीत या दोन्ही गाठीच दिसतात. शरीर दर महिन्याचं काम करताना त्या तयार करतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपणच जिरवून टाकतं. पाळी चालू असलेल्या बाईची अशी साधी, पाण्याची गाठ पाच सेंटिमीटरच्या आत असेल आणि त्रास नसेल, तर सहसा काहीच करावं लागत नाही. त्याहून मोठी असेल तर अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात, सात सेंटिमीटरच्या वर गेली तर पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियेचा विचार. पुष्कळ जणींना आपल्याला अशी गाठ आहे हे कळतही नाही. कळतं ते दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केल्यावर.

वहिनीला आपण हे सांगितलं नाहीत. आपल्या मौनाचा आम्ही आदर करतो. आपण सांगितलंत ते एवढंच : “गाठ आहे. आज ना उद्या कॅन्सर होणार. दोन लेकरं झालीत ना? मग पिशवी कशाला ठेवायची?”

डॉक्टरसाहेब, आपल्या शल्यकौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त एक बाळबोध प्रश्न आहे. गाठ होती अंडाशयात. आपण काढलीत गर्भपिशवी. अंडाशय जागच्या जागी राहिलं, गाठीसकट. सहा महिन्यांनी पोट पुन्हा दुखायला लागलं म्हणून वहिनीला मी अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली तेव्हा गाठ नव्हती. आपली आपण गेली होती. पिशवी तशी आपली आपण परत येत नाही, एवढाच काय तो फरक. अंगावरून पांढरं जात होतं ते संसर्गामुळे. डॉक्टरबाईंनी तपासून नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या, आठवड्याभरात आराम पडला. फडावर आंघोळीला आडोसा नाही, पाळीतलं कापड धुवायला पुरेसं पाणी नाही, वाळवायला ऊन लागेल अशी जागा नाही. तिथे बायकांना हा त्रास होणारच. त्याची दोन-चारशे रुपयांची औषधं लिहून देण्यासारखं हलकं काम आपल्यासारख्या सर्जनने करावं, ही अपेक्षा करणंही बरोबर नाही म्हणा.

पैशांच्या बाबतीतली आपली सोशिकता तर वाखाणण्यासारखी. वहिनीकडे पैसे नव्हते. आपण थांबायला तयार झालात, दोन दिवस. त्या दोन दिवसांत भावाने मुकादमाकडून उचल घेतली. म्हणजे ऑपरेशन आपल्या टेबलावर झालं आणि वसुली उसाच्या फडात. टाके ओले असतानाच तिने डोक्यावर उसाची मोळी घेतली, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एक जण बसला तरी खाडा पडतो. एका खाड्याला 500 रुपये दंड कापल्याचं आमच्या बायका सांगतात. पाळीचे दिवसच नकोत, असं वाटण्याइतका तो दंड मोठा असतो. मुकादमांच्या वतीनेही आपले आभार मानायला हवेत. पाळी नसलेली बाई म्हणजे खाडा नसलेला हंगाम.

या सेवेत आपण एकटे नाही, याची जाणीव आहे. 2019 मध्ये बीडच्या बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर गेली, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 महिला ऊसतोड कामगारांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. यातल्या काहींना खरोखरच गरज असेल, हे मला मान्य आहे. पोटभर वाढलेले फायब्रॉइड, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, खरोखरचा कॅन्सर, यात पिशवी काढून जीव वाचतो. पण पंचविशी-तिशीतल्या इतक्या बायकांना हे सगळे आजार आमच्याच जिल्ह्यात एकाच वेळी गाठतात, हे कोडं आपल्यासारख्या तज्ज्ञांनीच सोडवावं.

आपल्या जिल्ह्यात नियम झाला, की खासगी दवाखान्यांनी अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. आपण कायद्याचा मान राखणारे. वहिनीच्या कागदांवर कारण म्हणून ‘अतिरक्तस्राव’ असं लिहिलेलं दिसतं. तिला कधीच जास्त रक्त गेलं नव्हतं. ती तक्रार तिने सांगितलीच नव्हती. तरीही आपल्याला ती ऐकू आली. इतकं लक्ष देऊन ऐकणारा डॉक्टर मिळायला भाग्य लागतं.

आणि म्हणूनच आमच्या गल्लीतली पोरगी आठवली की मला कळेनासं होतं, की हेच कान त्या रात्री कुठे होते.

दहावीतली मुलगी, माझी विद्यार्थिनी. संध्याकाळी पाणी भरताना ओटीपोटात उजव्या बाजूला एकदम कळ आली. कळ यायची, जरा ओसरायची, पुन्हा दुप्पट जोराने यायची. उलट्या थांबेनात. तिची आई तिला रिक्षात घालून आपल्याकडे घेऊन आली. आपण पोट वरवर दाबलंत, पित्ताचं इंजेक्शन दिलंत आणि आईला धीर दिलात : “अविवाहित पोरगी आहे, तिला काय होणार? पाळी जवळ आली असेल. बायकांना एवढं दुखायचंच.” ज्या टेबलावर आमच्या वहिनीला 3.4 सेंटिमीटरच्या पाण्याच्या गाठीत कॅन्सर दिसला, त्याच टेबलावरून ही पोरगी पित्त म्हणून घरी गेली.

तिच्या अंडाशयात आठ सेंटिमीटरची डर्मॉइड गाठ होती. अशा गाठीत चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. तिचा धोका निराळा. गाठीच्या वजनाने अंडाशय आपल्याच देठाभोवती फिरतं आणि पिळलं जातं. नळीला पीळ बसला की पाणी तुटतं तसा तिथला रक्तपुरवठा तुटतो. वेळेत पोट उघडून किंवा दुर्बिणीतून पीळ सोडवला तर काळंनिळं पडलेलं अंडाशयसुद्धा पुष्कळदा वाचतं आणि नुसती गाठ काढता येते. इथे मोल तासांचं असतं. तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तोवर अंडाशय मेलं होतं. सोळाव्या वर्षी तिचं एक अंडाशय गेलं. दुसरं चांगलं आहे. तिला पुढे मूल होऊ शकेल, हे डॉक्टरांनी तिच्या आईला तीन वेळा समजावून सांगितलं. आई अजून रडते.

आणि ती सोनोग्राफी, साहेब! अविवाहित मुलीची कशी करणार, असा संकोच आपण दाखवलात. मोठ्या सज्जनपणाने दाखवलात. पण लघवीची पिशवी भरलेली ठेवून पोटावरूनच ती सहज होते, आतून काही घालावं लागत नाही, हे आपल्याला ठाऊक नसेल असं मी कसं म्हणू? तिच्या आईला ठाऊक नव्हतं, ते मात्र खरं. आता आमच्या गावातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. अचानक, एका बाजूला, सहन न होणारी कळ आणि सोबत उलट्या, तर रात्र असो की लग्नघर, थेट सर्जन आणि सोनोग्राफी असेल अशा दवाखान्यात जायचं. कळ येऊन चक्कर आली, अंग घामाने भिजलं, चेहरा पांढराफटक पडला, तर गाठ फुटून आत रक्त जात असेल, वाट बघायची नाही. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली असेल आणि असंच दुखायला लागलं, तर गर्भ नळीत राहिला नाही ना, याची तपासणी आधी. पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आला तरी थेट दवाखाना. हे मी शाळेच्या माता-पालक सभेत फळ्यावर लिहिलं. आपल्या दवाखान्यातल्या त्या गर्भपिशवीच्या प्लास्टिकच्या मॉडेलशेजारी असा एखादा फळा शोभून दिसेल. जागा नसेल तर बिलाचे दर लिहिलेला कागद थोडा बाजूला सरकवावा.

पीसीओडीच्या मुलींनाही आपण विसरला नाहीत. एकीचा रिपोर्ट बघून “तुझ्या अंडाशयात वीस गाठी आहेत” असं म्हणालात आणि ती पोरगी आठवडाभर जेवली नाही. त्या गाठी नव्हत्या, वाढ अर्धवट राहिलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या होत्या. दुखणं हार्मोनचं : पाळी लांबणं, चेहऱ्यावर लव, मुरुमं, वजन. त्याला चालणं, खाण्यातली शिस्त आणि लागतील तशा गोळ्या. सुरी नाही. आपल्या दृष्टीने ही केस नीरसच म्हणायची.

शेजारच्या वाडीतल्या बाईची केस मात्र आपल्याला आवडली होती. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. प्रत्येक पाळीत असं दुखायचं की ती कोपीत जमिनीवर लोळायची. नवऱ्याजवळ जातानाही कळ यायची, पण ते ती कुणाला सांगणार? सासू म्हणायची, आम्हालाही दुखायचं. आपण रक्ताची तपासणी केलीत. सीए-125 चा आकडा 60 च्या पुढे, वरची मर्यादा 35. आपण जाहीर केलंत, कॅन्सर, सगळं काढू. त्या आकड्याला आपण फार लवकर शरण गेलात. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार असला, पोटात क्षयरोग असला, फायब्रॉइड असले, अगदी पाळी चालू असताना रक्त घेतलं, तरी तो वाढतो. तिला एंडोमेट्रिओसिसच होता. दोन्ही अंडाशयांत जुनं, घट्ट झालेलं रक्त साठलेल्या गाठी, ज्यांना डॉक्टर लोक चॉकलेट सिस्ट म्हणतात. या गाठी साध्या पाण्याच्या गाठीसारख्या आपोआप जात नाहीत. पण म्हणून मूल हवं असलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईचं सगळं काढून टाकायचं? तिने आपल्याकडे ऑपरेशन केलं नाही, याबद्दल आपल्याला वाईट वाटलं असेल. ती आता अंबाजोगाईला उपचार घेते आहे. तिने नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की संबंधाच्या वेळी दुखतं, आणि समोरच्या डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं याचंच तिला रडू आलं.

काही बायकांची अंडाशयंही आपण पिशवीबरोबर काढलीत, पुढची कटकट नको म्हणून. त्यांच्या वतीनेही आभार. एक तिशीतली बाई भर थंडीत अंगावरचं पांघरूण भिरकावते, अंगातून वाफा निघतात म्हणते, रात्रभर झोपत नाही. घरचे म्हणतात, हिला लागीर झालंय. पाळी जाण्याचं वय पंधरा वर्षं अलीकडे आणून ठेवलं की हे होतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे तिला ऑपरेशनआधी सांगायचं होतं. अंगठा घेतलात त्या कागदावर ते छापलेलं आहे. इंग्रजीत.

एक आजीही होत्या, साठीच्या. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. पोट फुगल्यासारखं वाटतं, अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होतं, लघवीला सारखं जावं लागतं. महिनेच्या महिने हेच. त्यांना आपण पाचक औषधाच्या बाटल्या दिल्यात, एकीनंतर एक. तरुण बाईच्या पोटातल्या महिन्याभराच्या गाठीत आपल्याला कॅन्सर दिसत होता. पाळी गेलेल्या बाईचं पोट रोजच्या रोज फुगतं आहे, तिथे आधी अंडाशयाकडे बघायचं असतं, तिथे आपल्याला गॅस दिसला. त्या वयातही छोटी साधी गाठ बहुधा निरुपद्रवीच असते, पण ते सोनोग्राफी आणि रक्त तपासून ठरवायचं, बाटलीवर नाही. आजींना बार्शीच्या कॅन्सर दवाखान्यात नेलं तेव्हा पोटात पाणी साठलेलं होतं. उपचार चालू आहेत. त्या आपली चौकशी करत होत्या. डॉक्टर भला माणूस आहे, म्हणाल्या, कधी रागावला नाही.

डॉक्टरसाहेब, आमच्या बायका आपल्याला देव मानतात. त्या खरंच मानतात. त्यांना अंडाशय कुठे असतं ते माहीत नसतं, पण पदराच्या गाठीतली शेवटची नोट सोडून आपल्या टेबलावर ठेवतात. त्या विश्वासावर आपण एक मजला चढवलात. मला आपल्याबद्दल संताप आहे, तो मी कितीही नमस्कार घातले तरी लपणारा नाही, म्हणून लपवत नाही.

आता कामाचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर त्याची कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात आणि भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. वहिनीचा सहीचा अर्ज सोबत जोडला आहे. कृपया पुढील गोष्टी द्याव्यात : भरतीचे संपूर्ण केसपेपर, परवानगीसाठी पाठवलेल्या अर्जाची प्रत, संमतीपत्र, बिलाची पावती (आम्हाला मिळाली ती पाठकोऱ्या कागदावर आहे), आणि काढलेली गर्भपिशवी ज्या प्रयोगशाळेत तपासणीला पाठवलीत तिथला अहवाल. कॅन्सरच्या भीतीने काढलेली पिशवी आपण तपासायला पाठवली असणारच.

झेरॉक्सचा खर्च आम्ही देऊ. वहिनी शनिवारी माझ्यासोबत येईल. तिला या वेळी रांगेत बसवू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक शिक्षिका